पत मोजायची कशी? ऑनलाइन विक्रेत्यांच्या रेटिंगचा एक अभ्यास

वार्षिक परीक्षा संपली की आपल्या होस्टेलच्या जिन्यात एक बाजार भरतो. मिनी ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड, एप्रन, बादल्या, टेबल फॅन, मॅथ्सची पुस्तके, सगळे काही मिळते. नोटीस बोर्डावर चिठ्ठी, खाली रूम नंबर, बस्स. आता गंमत बघा. दोन ड्राफ्टर सारख्याच किमतीला असले तर आपण आधी ड्राफ्टर बघत नाही. आधी विचारतो, "विकतोय कोण?" मग शेजारच्या रूममधून आवाज येतो, "अरे, त्याच्याकडून घेऊ नकोस. मागच्या वर्षी ढिल्या स्क्रूचा ड्राफ्टर खपवला होता त्याने!" झाले. हे एक वाक्य म्हणजे रेटिंग सिस्टीमच आहे.

प्रोजेक्टचे सामान आणायला लॅमिंग्टन रोडला जातानाही हेच होते. अंधेरीहून लोकल पकडायची, ग्रँट रोडला उतरायचे, आणि सिनियरने सांगितलेल्या दुकानातच शिरायचे. "तिथे आयसी खराब निघाली तर बदलून देतात," हे कुठे लिहिलेले नसते, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. याला आपल्या भाषेत चांगला शब्द आहे : पत. बाजारात पत असते, टिकवावी लागते, आणि एकदा गेली की परत यायला वर्षे लागतात.

ऑनलाइन बाजारात विक्रेत्याचा चेहरा दिसत नाही, दुकान दिसत नाही, सिनियरही सोबत नसतो. तिथे पत पाच स्टारांत मावावी लागते. ती कशी मोजावी, म्हणजे विक्रेत्यावर आणि गिऱ्हाईकावर अन्याय होणार नाही, हा या लेखाचा विषय. विषय कॉम्प्युटरवाल्यांचा वाटेल, पण गणित बारावीचेच आहे. घाबरू नका!

विषय डोक्यात कसा शिरला

माझी मावशी मुलुंडला राहते. घरी कापडाची आणि कागदी फुलांची तोरणे करते. गणपतीच्या दिवसांत सोसायटीत, नात्यात चांगली खपतात. गेल्या पावसाळ्यात मीच शहाणपणा करून तिला एका ऑनलाइन बाजारात खाते उघडून दिले. पहिल्या तीन गिऱ्हाइकांनी पाच-पाच स्टार दिले. मावशी खूश. चौथे पार्सल तिने वेळेवर कुरिअरवाल्याच्या हातात दिले, पण त्या आठवड्यात पावसाने धुमाकूळ घातला. पार्सल पाच दिवस उशिरा पोचले, खोके भिजलेले. गिऱ्हाइकाने लिहिले, "तोरण छान आहे, पण फार उशिरा आले," आणि दिला एक स्टार!

सरासरी ५ वरून ४ वर आली. तिची तोरणे पहिल्या पानावरून मागे गेली ती गेलीच. ऑर्डरी थांबल्या. मावशीने मला फोन केला. "अरे, तोरण छान आहे असं तीच बाई म्हणतेय ना? मग मला नापास कशाला केलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून वाचायला बसलो.

रेटिंग मुळात कशासाठी?

१९७० मध्ये जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. मुद्दा साधा होता. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधलीच किंमत देऊ करतो. ती चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजार सोडतो. मग उरलेल्या मालाचा दर्जा आणखी घसरतो, किंमत आणखी पडते. २००१ साली अकेरलॉफला मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

रेटिंग हा या रोगावरचा उपाय आहे : आधीच्या गिऱ्हाइकांनी पुढच्यांना सावध करायचे. पण उपायच चुकला तर? तर पुन्हा चांगलाच विक्रेता बाजार सोडतो. म्हणजे रेटिंग न्याय्य असणे ही विक्रेत्यावर मेहेरबानी नाही, ती बाजाराची गरज आहे.

पतीची किंमत पैशांत मोजणारा एक प्रयोगही झाला आहे. पॉल रेस्निक आणि सहकाऱ्यांनी ईबेवर जुनी पोस्टकार्डे विकली. एकाच प्रकारचा माल काही वेळा जुन्या, नाव कमावलेल्या खात्यावरून, तर काही वेळा नव्या खात्यांवरून. २००६ साली छापलेल्या निष्कर्षानुसार जुन्या खात्याला गिऱ्हाईक सुमारे ८ टक्के जास्त मोजायला तयार होते. माल तोच, पत वेगळी!

मुंबईत हे कधी आले?

२००० साली मुंबईत अवनीश बजाज आणि सुवीर सुजन यांनी बाझी डॉट कॉम सुरू केली. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना वस्तू विकायच्या, तेही आपल्या देशात, हे तेव्हा धाडसच होते. २००४ मध्ये अमेरिकेच्या ईबेने ही कंपनी सुमारे ५ कोटी डॉलरना घेतली आणि पुढे तिचीच ईबे इंडिया झाली. २०१७ मध्ये तिचा भारतातला धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले.

ईबेकडून आलेली मोठी गोष्ट म्हणजे शेरे देण्याची पद्धत. संस्थापक पिएर ओमिड्यार याने ती १९९६ मध्येच सुरू केली होती : चांगला, मधला किंवा वाईट असा शेरा, सोबत एक ओळ. ईबे इंडियाने याला ‘पैसापे’ची जोड दिली. गिऱ्हाइकाचे पैसे थेट विक्रेत्याच्या खिशात न जाता आधी मध्यस्थाकडे जात. यातला धडा लक्षात ठेवा : सगळे ओझे एकट्या रेटिंगवर टाकायचे नसते. पैसे सुरक्षित असले की माणूस अनोळखी विक्रेत्यालाही संधी देऊन बघतो.

आता एकेक अडचण घेऊ.

अडचण १ : सरासरी फसवी असते

समजा, तोरणे विकणारे तीन विक्रेते आहेत.

पहिला मोठा दुकानदार. ४०० रेटिंग, सरासरी ४.२.
दुसरी मावशी. ४ रेटिंग : ५, ५, ५, १. सरासरी ४.०.
तिसरा कालच आलेला. १ रेटिंग : ५. सरासरी ५.०.

साध्या सरासरीने कालचा पोरगा पहिला! तो एक शेरा त्याच्या भावानेही दिलेला असू शकतो. एका ओव्हरमध्ये दोन चौकार मारले म्हणून कोणी त्याला टीममध्ये घेत नाही.

उपाय असा. प्रत्येक विक्रेत्याच्या खात्यात सुरुवातीलाच काही काल्पनिक रेटिंग टाकायची, बाजाराच्या सरासरीइतकी. सूत्र :

सुधारित रेटिंग = (क × म + मिळालेल्या स्टारांची बेरीज) ÷ (क + न)

इथे ‘म’ म्हणजे सगळ्या बाजाराची सरासरी, ‘न’ म्हणजे खरी रेटिंग किती, आणि ‘क’ म्हणजे काल्पनिक रेटिंग किती. म = ४ आणि क = १० धरू.

मोठा दुकानदार : (४० + १६८०) ÷ ४१० = ४.२०
कालचा पोरगा : (४० + ५) ÷ ११ = ४.०९
मावशी : (४० + १६) ÷ १४ = ४.००

क्रम आता बराच शहाणा झाला. जितकी रेटिंग जास्त, तितका काल्पनिक भाग नगण्य होतो आणि खरा माणूस दिसू लागतो. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात याला बेजियन सरासरी म्हणतात.

पण मावशी अजून शेवटीच! आता तो पावसाचा एक स्टार बाजूला काढून बघा : (४० + १५) ÷ १३ = ४.२३. म्हणजे ती पहिली. उलट मोठ्या दुकानदाराला असाच एक पावसाचा स्टार जादा मिळाला तर? (४० + १६८१) ÷ ४११ = ४.१९. त्याला फरक कळणारही नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण बुडतो तो लहान विक्रेता. सूत्राने धक्का कमी केला, अन्याय पुसला नाही. त्यासाठी पुढची अडचण सोडवावी लागते.

अडचण २ : चोर सोडून संन्याशाला फाशी

एका स्टारात किती गोष्टी कोंबलेल्या असतात! माल, पॅकिंग, किंमत, कुरिअर, आणि कधी कधी गिऱ्हाइकाचा त्या दिवशीचा मूडसुद्धा. ईबेने २००७ मध्ये प्रश्न चार भागांत तोडला : वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, विक्रेत्याने नीट उत्तरे दिली का, किती लवकर पाठवली, आणि पाठवण्याचा खर्च वाजवी होता का. दिशा बरोबर होती. पण ‘किती लवकर’ यात विक्रेता आणि कुरिअर पुन्हा एकत्र आलेच.

खरे तर हे गिऱ्हाइकाला विचारायची गरजच नाही. पार्सल कुरिअरवाल्याने कधी स्कॅन केले आणि कधी पोचवले, या दोन्ही वेळा कॉम्प्युटरमध्ये असतात. विक्रेत्याने मुदतीत पार्सल दिले असेल तर पुढचा उशीर कुरिअरच्या खात्यात टाकावा. शिवाय त्या दिवशी त्या पिनकोडवर सगळ्यांचीच पार्सले अडकली होती का, तेही बघता येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी घाटकोपरचे पार्सल बोरिवलीला पोचले नाही म्हणून विक्रेत्याचा स्टार कापणारी सिस्टीम हुशार कशी म्हणायची?

इथे प्रामाणिकपणे एक कबूल करतो. भिजलेल्या खोक्यात थोडा दोष मावशीचाही होता. पावसाळ्यात आत प्लास्टिक घालायला हवे होते. प्रश्न वेगळे विचारले असते तर तिला ‘पॅकिंग’मध्ये कमी मार्क मिळाले असते, ‘माल’मध्ये पैकीच्या पैकी. तिला सुधारणा कुठे करायची तेही कळले असते. एका स्टारातून तिला फक्त एवढेच कळले, की ती नापास झाली.

अडचण ३ : ‘तू मला, मी तुला’

ईबेवर सुरुवातीला दोन्ही बाजू एकमेकांना शेरा देत. रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९९९ मधले व्यवहार तपासले. साधारण ५२ टक्के व्यवहारांत गिऱ्हाइकाने शेरा दिला होता, आणि त्यांतले ९९ टक्क्यांहून अधिक चांगले होते! इतके समाधानी गिऱ्हाईक खरोखर असते का हो? आपल्या मेसबद्दल विचारून बघा.

एक कारण म्हणजे भीती. मी वाईट शेरा दिला तर तोही मला देईल. म्हणून नाराज माणूस गप्प बसतो आणि आकडा गोड दिसतो. मे २००८ पासून ईबेने विक्रेत्यांना गिऱ्हाइकाबद्दल वाईट शेरा देण्याची सोयच काढून घेतली. बदल्याची भीती गेली, पण विक्रेते चिडले. खोटी तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाचे मग काय?

दुसरा मार्ग बंद पाकिटाचा. दोघांनी आपापला शेरा लिहायचा, आणि दोघांचे लिहून झाल्यावर किंवा मुदत संपल्यावर पाकिटे एकदम उघडायची. एअरबीएनबीने २०१४ मध्ये हेच केले, मुदत १४ दिवसांची. मला हा मार्ग जास्त पटतो. दोघांना बोलता येते, आणि समोरच्याचे वाचून सूड उगवता येत नाही.

अडचण ४ : नवा भिडू आणि नाव बदललेला जुना

नव्याला सुरुवातीला किती विश्वास द्यायचा? जास्त दिला तर लबाड माणूस पत गेली की खाते बंद करून नव्या नावाने हजर! कमी दिला तर प्रामाणिक नवखा उपाशी मरतो. कारण रेटिंग नाही म्हणून विक्री नाही, आणि विक्री नाही म्हणून रेटिंग नाही. आपल्या प्लेसमेंटसारखेच झाले : अनुभव नाही म्हणून नोकरी नाही!

काही ठिकाणी क्रम लावायला विल्सनचे सूत्र वापरतात. १९२७ साली एडविन विल्सनने ते मांडले. त्यात चांगल्या शेऱ्यांच्या टक्केवारीऐवजी, ती कमीत कमी किती असू शकेल हे ९५ टक्के खात्रीने काढतात. ४०० पैकी ३८० चांगले असतील तर उत्तर सुमारे ९२ टक्के येते. ३ पैकी ३ चांगले असतील तर फक्त ४४! गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे सावधपणाचे आहे, पण नव्यावर कठोर. म्हणून सूत्र कोणतेही घ्या, त्यासोबत दोन गोष्टी हव्यात. एक, खाते पॅन किंवा बँक खात्याला जोडलेले असावे, म्हणजे नाव बदलणे स्वस्त पडणार नाही. दोन, पहिल्या पानावर थोड्या जागा नव्यांसाठी राखून ठेवाव्यात आणि तिथे ‘नवीन विक्रेता’ असे स्वच्छ लिहावे. फसवणूक नको, पण दारही बंद नको.

अडचण ५ : खडूस परीक्षक, विकत घेतलेले स्टार

व्हायवाला कोणता एक्स्टर्नल येतो यावर आपले मार्क ठरतात, हे काय तुम्हाला सांगायला हवे? गिऱ्हाइकांतही दोन जाती आहेत. एक सगळ्यांना पाच देणारी, दुसरी "पाच फक्त देवाला" म्हणणारी. तेव्हा प्रत्येक रेटिंगमधून त्या माणसाची स्वतःची सरासरी वजा करायची. सरासरी ३ देणाऱ्याने ४ दिले तर ते +१. सरासरी ४.८ देणाऱ्याने ४ दिले तर ते –०.८. मात्र ज्याने आयुष्यात दोनच रेटिंग दिली आहेत त्याची सरासरी कशी धरणार? तिथे पुन्हा अडचण १ चीच काल्पनिक रेटिंगची युक्ती लावायची.

शिवाय खोक्यात चिठ्ठी येते : "पाच स्टार द्या, कॅशबॅक मिळवा." हे स्टार नव्हेत, लाच आहे. आपल्याकडे २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याला स्वतःच गिऱ्हाईक असल्याचे भासवून अभिप्राय टाकता येत नाही. त्याच नियमांत आणखी एक महत्त्वाचे कलम आहे : विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो, हे बाजार चालवणाऱ्याने सोप्या भाषेत सांगायचे आहे. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही आणले. ते ऐच्छिक म्हणून आले, पण अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत याची चौकट त्यात आहे. प्रोजेक्टवाल्यांनी जरूर वाचावे.

रिव्हॅल्युएशनचा फॉर्म कुठे मिळेल?

मला विचाराल तर सगळ्यात मोठी उणीव इथे आहे. आपली केटी लागली तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येते, रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरता येतो. मार्क वाढोत न वाढोत, आपण का नापास झालो हे तरी कळते. मावशीने बाजाराच्या मदत केंद्राला दोनदा लिहिले. दोन्ही वेळा तेच तयार उत्तर आले : आपले म्हणणे आमच्यासाठी मोलाचे आहे!

न्याय्य रेटिंगमध्ये विक्रेत्याला तीन गोष्टी हव्यात. शेऱ्याखालीच उत्तर लिहायची जागा. पुरावा देऊन अपील करायची सोय, आणि त्यावर माणसाने घेतलेला निर्णय. आणि काळाबरोबर जुन्या चुकीचे वजन कमी होणे, उदाहरणार्थ सहा महिन्यांपूर्वीच्या शेऱ्याला निम्मे वजन. एका केटीवर माणसाचे आयुष्य ठरू नये, तसे एका स्टारवर विक्रेत्याचेही ठरू नये.

करून बघा

येत्या मे महिन्यात जिन्यातल्या बाजारासाठी एक छोटा प्रयोग करता येईल. संगणक नसला तरी वही चालेल.

१. प्रत्येक विक्रीनंतर दोन वेगळे प्रश्न विचारा : वस्तू सांगितल्याप्रमाणे होती का? विकणारा नीट वागला का?
२. दोघांचे शेरे बंद पाकिटात घ्या आणि आठवड्याने एकदम उघडा.
३. साधी सरासरी आणि सुधारित रेटिंग, दोन्ही काढा. ‘क’ ची किंमत २, ५ आणि १० धरून क्रम कसा बदलतो ते लिहा.
४. ज्याला शेरा मान्य नाही त्याला आपली बाजू मांडू द्या. तीन जणांनी ऐकून निर्णय द्यावा. त्यांतला एक तरी दुसऱ्या मजल्यावरचा असावा!

‘क’ किती धरायचा याला पुस्तकात एकच उत्तर नाही. तो आकडा वाढवला की गिऱ्हाईक सुरक्षित होते आणि नवखा मागे पडतो. कमी केला की उलटे. म्हणजे वरवर गणिती दिसणारा तो आकडा खरे तर न्यायाचा निर्णय असतो. उद्या कॅम्पसमधून सिलेक्ट होऊन आपल्यापैकीच कोणीतरी कुठल्याशा एसी ऑफिसात बसून तो आकडा टाइप करणार आहे. त्याला पलीकडची मुलुंडची बाई दिसणार नाही, फक्त ‘न = ४’ दिसेल.

मावशीने या वर्षी खोक्यात प्लास्टिक घालायला सुरुवात केली आहे. खाते बंद करत होती, मी थांबवले. परवा तिने विचारले, "तुझं ते गणित झालं का पूर्ण?" मी म्हणालो, "झालं गं. आता ते वापरणारं कोणीतरी हवं."